जुन्या गाडीवर खर्च करावा का? हिशेबाची पट्टी आधी तपासू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा, दिवाळी किंवा पाडवा जवळ आला की आपल्या दैनिकाच्या घडीतून जुन्या गाडीच्या बदल्यात नवी गाडी देणाऱ्या विक्रेत्यांची रंगीत पत्रके घरात येऊन पडतात. त्याच सुमारास सांगली-मिरजेतल्या अनेक घरांत एक प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. दाराशी उभ्या असलेल्या बारा-पंधरा वर्षांच्या गाडीला मिस्त्रीने सांगितलेला खर्च करावा, की ती एकदाची काढून टाकावी? या प्रश्नाचे उत्तर देताना सगळीकडे दोन ठोकताळे वापरले जातात. पहिला असा की, पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी कायद्यानेच बाद. दुसरा असा की, गाडी विकून जेवढे पैसे येतील त्याच्या निम्म्याहून अधिक दुरुस्तीला लागत असतील तर तो पैसा पाण्यात. पहिला ठोकताळा आपल्या जिल्ह्यापुरता तरी खोटा आहे आणि दुसरा हिशेबाच्या दृष्टीने चुकीचा आहे, असे माझे मत आहे. आयुष्यभर एका सहकारी संस्थेच्या हिशेब विभागात काम केल्यामुळे आकडे चुकीच्या रकान्यात पडलेले पाहवत नाहीत, म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचे पाहू. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. यालाच आपण रीपासिंग म्हणतो. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत अर्ज क्रमांक २५ भरायचा, चालू विमा आणि पीयूसी जोडायची, गाडी आरटीओच्या निरीक्षकाला दाखवायची आणि पर्यावरण कर भरायचा, एवढाच हा व्यवहार आहे. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला तर दर महिन्याला ५०० रुपये वेगळे. शुल्क वाढले हे खरे, परंतु शुल्क वाढणे आणि गाडी बाद होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दहा वर्षांपुढचे डिझेल आणि पंधरा वर्षांपुढचे पेट्रोल वाहन रस्त्यावर नको, ही बंदी राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी आली ती दिल्ली आणि राजधानी क्षेत्रापुरती. त्यात एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी वाढवून देणे बंद झाले. या दोन बातम्यांची सरमिसळ होऊन विट्यापासून जतपर्यंत लोक एकमेकांना ‘आता जुनी गाडी चालणार नाही’ असे सांगू लागले, आणि जुन्या गाड्या भाव पाडून मागणाऱ्या एजंटांचे त्यात चांगलेच फावले.

दुसऱ्या ठोकताळ्याला जरा अधिक वेळ द्यावा लागेल. समजा, गाडीला बाजारात दीड लाख रुपये येतात आणि मिस्त्रीने क्लच, पुढचे शॉकअप, टायर आणि रेडिएटर मिळून साठ हजारांचे एस्टिमेट दिले. ‘दीड लाखाच्या गाडीला साठ हजार?’ असे म्हणून घरातले सगळे त्या माणसाला वेड्यात काढतात. पण दीड लाख ही किंमत कोणाच्या दृष्टीने आहे? ती त्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने आहे, ज्याला त्या गाडीचे ऑइल कधी बदलले, ती कोणी चालवली, कोठे ठोकली गेली होती आणि कोठे नाही, यातले काहीही ठाऊक नाही. तो ज्या अज्ञानाची किंमत कापून घेतो, ते अज्ञान मालकाला नसते. शिवाय गाडी आजच विकायची असेल तरच त्या दीड लाखाला अर्थ आहे. ती विकून पुढे काय करणार, हा खरा प्रश्न आहे. गाडीशिवाय भागत असेल तर चर्चाच संपली, दीड लाख घ्यावेत आणि एसटी, रिक्षा, प्रसंगी भाड्याची गाडी यांवर निभावून न्यावे. असे अनेकांना खरोखर परवडते, पण मान्य करायला जड जाते. परंतु गाडी लागणारच असेल, तर साठ हजारांची तुलना दीड लाखाशी न करता तिच्या जागी येणाऱ्या गाडीच्या वार्षिक खर्चाशी करायला हवी.

तो खर्च मांडून पाहू. शोरूममध्ये सात लाख किंमत असलेली पेट्रोल गाडी धरू. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील खासगी पेट्रोल मोटारीला ११ टक्के कर लागतो, म्हणजे ७७,००० रुपये. विमा आणि इतर किरकोळ धरून गाडी दारात येईपर्यंत आठ लाखांच्या आसपास जाते. त्यातले सहा लाख कर्ज, पाच वर्षे मुदत आणि ९ टक्के व्याज धरले, तर हप्ता महिना सुमारे १२,४५५ रुपये बसतो, वर्षाला जवळजवळ दीड लाख. जुन्या गाडीच्या बाजूने बोलणारे लोक इथेच थांबतात आणि ‘पाहा, दीड लाख विरुद्ध साठ हजार’ म्हणून टाळी मागतात. तेही बरोबर नाही. हप्त्यातला मोठा भाग मुद्दलाचा असतो आणि त्याच्या बदल्यात पाच वर्षांनी आपल्या हाती एक गाडी उरतेच. खर्च म्हणून धरायची ती फक्त घसारा, म्हणजे गाडीची घटलेली किंमत, आणि व्याजाची रक्कम. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यात पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची किंमत निम्म्यावर येते. बाजारात थोडे इकडे-तिकडे होईल, पण तोच तक्ता प्रमाण मानला तर साडेतीन लाख घसारा आणि सुमारे एक लाख सत्तेचाळीस हजार व्याज, मिळून पाच लाखांना थोडेच कमी. म्हणजे नवी गाडी पेट्रोल न भरता, एकही किलोमीटर न चालवता, वर्षाला सुमारे एक लाख रुपये खाते. कर आणि फुल इन्शुरन्स त्यात धरलेलेच नाहीत.

नवी गाडी पेट्रोल वाचवते हे मान्य करायलाच हवे. पण किती? वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरणारे कुटुंब घेतले आणि जुनी गाडी लिटरला १४ तर नवी १९ देते असे धरले, तर वर्षाला सुमारे दीडशे लिटर वाचते. आजच्या शंभरीपुढच्या दराने ते पंधरा-सोळा हजार होतात. एवढे वजा करूनही नव्या गाडीचे पारडे लाखाच्या खाली फार जात नाही. म्हणून कमी फिरणाऱ्या घराला, गाडीची मूळ चौकट शाबूत असेल तर, वर्षाला पन्नास-साठ हजारांपर्यंतची दुरुस्ती तोट्याची नाही, असे मी आकड्यांवरून म्हणतो. जो माणूस द्राक्षांच्या किंवा हळदीच्या व्यवहारासाठी आठवड्यातून एकदा पुणे गाठतो आणि वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर कापतो, त्याचा हिशेब निराळा आहे. त्याचे वाचणारे पेट्रोलच पन्नास हजारांच्या घरात जाते आणि खंबाटकी घाटात गाडी बंद पडल्याने एक सौदा हुकला तर त्याची किंमत कोणत्याही एस्टिमेटमध्ये लिहिलेली नसते. त्याने जुन्या गाडीत जीव अडकवू नये.

एक बदल अलीकडचा आहे आणि तो दोन्ही बाजूंना लागू पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्के आणि वर उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि त्यांच्यामागोमाग जुन्यांचेही भाव उतरले. परंतु त्याच दिवशी सुट्या भागांवरचा करही सरसकट १८ टक्के झाला. पत्रकांत पहिली बाजू ठळक अक्षरांत छापलेली असते आणि दुसरीचा उल्लेखही नसतो. आपल्या मिस्त्रीने अजून २८ टक्क्यांच्या काळातले भाव लावलेले नाहीत ना, हे मात्र ज्याने त्याने विचारून घ्यावे.

आता ‘मूळ चौकट शाबूत असेल तर’ या अटीकडे वळतो, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे गाडी पाहणारा माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो, इंजिनचा आवाज ऐकतो, सायलेन्सरजवळ हात धरून धूर पाहतो. इंजिन महत्त्वाचे आहेच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, थांबत नसलेला पांढरा धूर आणि कमी होणारे कूलंट म्हणजे हेड गॅस्केटवर संशय, हे खरे. पण इंजिन उतरवता येते, उघडता येते, रिंगा बदलता येतात, दुसरे बसवताही येते. पत्रा सडला की त्याला तसा उपाय नाही. माझ्या धाकट्या भावाच्या डिझेल गाडीच्या वेळी हे जवळून पाहायला मिळाले. गाडी बाहेरून चकचकीत, इंजिन एका चावीत सुरू होणारे. शंभर फुटी रस्त्यालगतच्या एका गॅरेजात ती पिटवर घेतली तेव्हा मिस्त्री हातदिवा घेऊन खाली उतरला आणि दाराखालच्या लांब पेटीसारख्या पट्टीवर, ज्याला ते लोक साइड सिल म्हणतात, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढे सरकू लागला. पुढच्या चाकाजवळ खणखणीत आवाज येत होता. मधल्या खांबापाशी तो बदलून पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा झाला. मग त्याने टोक लावून जरासे दाबले, तर ते आत गेले आणि त्याच्या कोपरावर तांबूस पापुद्रे आणि वाळलेली काळी माती पडली. ‘काका, इथं जॅक लावला तर जॅक आत जाईल, गाडी वर येणार नाही,’ एवढेच तो म्हणाला. ती माती २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची होती.

त्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा वस्तीत शिरले. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, सीट वाळवून, ऑइल बदलून चालू होते. पण सिलच्या बंद पोकळीत शिरलेला गाळ पाणी ओसरल्यावर बाहेर येत नाही. तो तळाची निचऱ्याची भोके बुजवतो, दर पावसाळ्यात ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. वरचा रंग शेवटपर्यंत शाबूत राहतो, म्हणून मालकाला पत्ताच लागत नाही. वेल्डिंग करून वरून पट्टी मारता येते, आणि आपल्याकडचे पत्राकाम करणारे कारागीर त्यात वाकबगार आहेत. परंतु अपघातात बाजूचा धक्का ज्या भागाने सोसायचा, तोच भाग ठिगळांचा झाला तर त्या गाडीत नातवंडांना बसवावे असे मला वाटत नाही. भावाने क्लचचा खर्च रद्द केला आणि गाडी मोडीत दिली. त्याच निकषाने आमच्या घरची २०१० ची पेट्रोल गाडी मात्र राहिली. तिचा पत्रा सर्वत्र खणखणीत वाजला, म्हणून तिचे क्लचचे काम केले आणि गेल्या वर्षी रीपासिंगही करून घेतले.

पुराचा मुद्दा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. ‘जुनी दुरुस्त करण्यापेक्षा चार-पाच लाखांत पाच वर्षांची सेकंडहँड घेऊ’ हा मधला मार्ग अनेकांना शहाणपणाचा वाटतो, आणि घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या मालकाने सोसलेला असल्यामुळे तो तत्त्वतः बरोबरही आहे. पण त्यात आपण ज्याचे गुणदोष माहीत आहेत अशी गाडी देऊन ज्याचे काहीच माहीत नाही अशी गाडी घेत असतो. आपल्या भागात तर पुरात सापडलेल्या गाड्या स्वच्छ करून दूरच्या जिल्ह्यात विकल्या जातात आणि तिकडच्या तशाच इकडे येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी पाण्याची रेघ आहे का पाहावे, स्टेपनीच्या खळग्यात आणि गालिच्याखाली हात घालावा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले किंवा पान्याचे ताजे ओरखडे असलेले दिसतात का ते तपासावे. विमा कंपनीकडे पूर्वी केलेल्या दाव्याची चौकशी करावी आणि अधिकृत सेवा केंद्रातली जुनी नोंद मागावी. विकणारा ती दाखवायला कां-कूं करू लागला तर तेथूनच परत फिरावे.

पत्रा चांगला निघाला तर मग कोणते काम करायचे आणि कोणते सोडायचे? इथे मिस्त्रीचे एस्टिमेट जसेच्या तसे स्वीकारणे आणि ते पूर्ण नाकारणे, दोन्ही सारखेच आळशी आहे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि सस्पेन्शनचे लोअर आर्म, बॉल जॉइंट यांत घासाघीस करू नये. टायरची नक्षी शिल्लक असली तरी त्याचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पैकी पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ‘३२१९’ असे दिसले तर तो टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे, आणि कमी फिरणाऱ्या गाडीत नक्षी शाबूत पण रबर वाळून चिरलेले, असे हमखास आढळते. क्लचचे काम निघाले तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्या उतरवण्या-चढवण्याचा असतो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलावे आणि मागचे ऑइल सील तेव्हाच पाहून घ्यावे. तिथे हजार-दोन हजार वाचवणारा माणूस सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा भरतो. इंजिनला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला हे कोणालाच आठवत नसेल, तर तो आधी बदलावा, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही हजारांच्या कामाचे पूर्ण इंजिनकाम होते.

उलट, रंगाचे ओरखडे, दाराच्या काचेची संथ झालेली मोटर, सेंट्रल लॉकिंग, फाटलेले सीट कव्हर, डॅशबोर्डची खडखड ही कामे एस्टिमेटमध्ये शेवटी नकळत येऊन बसतात आणि एकूण आकडा फुगवतात. ती खुशाल राहू द्यावीत. आणखी एक सांगायला हवे. रस्त्यात जी गाडी टोचन लावून आणावी लागते, ती बहुधा मोठ्या बिघाडाने बंद पडलेली नसते. बॅटरी, अल्टरनेटरचा पट्टा, फुटलेला कूलंटचा पाइप, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा थकलेला पेट्रोल पंप यांपैकीच काहीतरी असते. कवठे महांकाळहून किंवा जतहून घरातल्या वृद्धाला अपरात्री मिरजेच्या दवाखान्यात न्यावे लागणाऱ्या कुटुंबाला गाडीचा भरवसा हवा असतो, आणि तो भरवसा मिळवण्यासाठी नवीच गाडी लागते असे नाही. या किरकोळ वस्तू बिघडण्याची वाट न पाहता वेळेवर बदलल्या तर पंधरा वर्षांची गाडीही दगा देत नाही.

या किरकोळ वस्तूंत आता इथेनॉलमुळे भर पडली आहे. आपल्या जिल्ह्याच्या उसाला ज्या धोरणाने आधार दिला, त्याच धोरणातून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. त्याबद्दल तक्रार करताना सांगलीकराची थोडी पंचाईत होते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या प्रमाणासाठी बनवलेल्या नाहीत. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशातच म्हटले आहे की, काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटर चालल्यावर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात आणि हे काम स्वस्तातले आहे. ते स्वस्त आहे हे खरे, पण जुनी, कडक झालेली पेट्रोलची नळी इंजिनाच्या उष्णतेजवळ झिरपू लागली तर प्रश्न पैशाचा राहत नाही. जुनी गाडी ठेवणाऱ्याने दर सर्व्हिसिंगला त्या नळ्या हाताने दाबून पाहायला सांगावे.

जुनी गाडी ठेवण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा पैशाचा नाही, सुरक्षिततेचा आहे आणि तो मी टाळणार नाही. चालकासाठी एअरबॅग सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून, आणि एबीएस, म्हणजे जोरात दाबले तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची सक्तीही त्याच वर्षीची. त्याआधीच्या स्वस्त आवृत्त्यांत यातले काहीही नसे. अशी गाडी कितीही चांगली राखली तरी तिच्यात ती सोय बाहेरून बसवता येत नाही. म्हणून ज्यांना रोज महामार्गावरून जायचे आहे आणि ज्यांच्या गाडीत एअरबॅग नाही, त्यांनी माझे वरचे आकडे बाजूला ठेवून गाडी बदलण्याचा विचार करावा. गावातल्या गावात, बाजारहाट, देऊळ आणि दवाखाना एवढ्याच कामाला गाडी लागत असेल तर धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

विम्याबाबत एक स्थानिक विचार. गाडी दहा वर्षांची झाली की बरेच जण फुल इन्शुरन्स सोडून केवळ थर्ड पार्टी घेतात. १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीसाठी त्याचा हप्ता ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी एवढाच आहे, आणि इतर शहरांत हा विचार बरोबरही ठरेल. पण थर्ड पार्टीत पुराचे नुकसान मिळत नाही. ज्यांचे घर पूररेषेत आहे त्यांनी हा फरक लक्षात ठेवूनच निर्णय करावा. फुल इन्शुरन्स असला तरी पाण्यात उभी असलेली गाडी चावी मारून सुरू करू नये, कारण त्यामुळे इंजिनात पाणी ओढले जाऊन होणारे नुकसान वेगळे संरक्षण घेतल्याशिवाय कंपन्या भरून देत नाहीत.

काढून टाकायचेच ठरले, तर ते कागदोपत्री नीट व्हावे. टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जावर, कोऱ्या सह्या करून एजंटाच्या हाती गाडी देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. नाव बदलले गेले नाही, तर त्या गाडीने पुढे कोठेही अपघात केल्यास नोंदणीकृत मालक म्हणून जबाबदारी आपल्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मोडीत द्यायची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मोडीत काढणाऱ्या केंद्रातच द्यावी. तेथून मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर, म्हणजे गाडी मोडीसाठी जमा केल्याच्या दाखल्यावर, नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होते आणि रस्ता करात सवलत मिळते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याने दोन हजार जास्त दिले तरी हे प्रमाणपत्र तो देऊ शकत नाही, आणि त्याने चॅसिस नंबरसह गाडी पुढे कोणाला दिली हेही आपल्याला कधी कळत नाही.

आता संबंधितांना दोन-तीन विनंत्या. गॅरेजचालकांनी, लहान असोत की मोठे, काम सुरू करण्याआधी एस्टिमेट लेखी द्यावे, त्यात भाग आणि मजुरी वेगवेगळी दाखवावी आणि बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवावा. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही, ही माहिती गिऱ्हाइकांना असावी, आणि चांगल्या मिस्त्रींना तिची भीती वाटण्याचे कारण नाही. आरटीओ कार्यालयाने रीपासिंगची कागदपत्रे, शुल्क, पर्यावरण कर आणि तपासणीचे दिवस दर्शनी फलकावर मराठीत लावावेत, म्हणजे पंधरा वर्षे झाली की गाडी संपली, ही अफवा एजंटाच्या टपरीवर शिजायची बंद होईल. आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी की, सणांच्या दिवसांत गाडीबदलाची पत्रके आपल्या अंकासोबत घरोघरी जातातच, तर त्याच आठवड्यात रीपासिंगची पद्धत आणि सांगलीहून जवळ पडणाऱ्या अधिकृत मोडीत केंद्रांचे पत्ते यांची एक चौकट अंकातही छापावी.

आपला,
एक नियमित वाचक
विश्रामबाग, सांगली